सांडलेला या रंगाचे नाव यंत्राने खोडिले त्याची बखर

श्री. ज्याने आभाळ निळे केले, पान हिरवे केले, आणि त्यांस नावे ठेवण्याची यातायात माणसांवर सोपवून आपण मोकळा जाहला, त्या कर्त्यास पहिला नमस्कार. आणि दुसरा नमस्कार वाचणारास, कारण त्यास पुढे बरेच सोसावयाचे आहे. शके एकोणीसशे सहा, रक्ताक्षीनाम संवत्सर, ते साली एका दौलतीच्या रंगखात्यात जो प्रकार घडला तो साद्यंत लिहावा असे वडील मंडळींनी सांगितले, आणि आम्ही लिहितो म्हणालो, आणि मग मागे फिरता येईना, म्हणोन लिहिला असे. दौलतीचे नाव लिहिले नाही. लिहिणार होतो, परंतु ते कोणत्या शाईने लिहावे याचा ठराव खात्यात अद्याप मंजूर व्हावयाचा आहे.

दौलतीत मधोमध नदी, आणि नदीचे दोही तीरांस निराळी लोकांची वस्ती, म्हणजे निळीच्या रांजणांत कापड रंगविणारे, आणि त्यांचे हात कोपरापर्यंत निळे. रिवाज ऐसा की दौलतीत ज्यास रंगीत कापड पाहिजे त्याने रंगखात्यास कागद लिहावा, आणि कोणाचे रांजणास तो कागद धाडावा हे रंगनविसाने ठरवावे. रंगनवीस म्हणजे सखोपंत, वय बासष्ट, दृष्टी उत्तम, बाकी सर्व बेताचे. आणि त्या काळी लोक जैसे रंग मागत तैसे आता कोणी मागत नाही. कोणी लिही, वांग्याच्या देठापासून दोन बोटे खाली असतो तो. कोणी लिही, आमचे थोरले मामांचे छत्रीचा काळा, परंतु मामा हयात असतानाचा. एक बाई दरसाल लिही, गेल्या खेपेस दिला तो नको, एवढेच. आणि सखोपंत ते वाचीत, डोळे मिटीत, सुपारीचे खांड या गालातून त्या गालात नेत, आणि सांगत की अमक्याचे रांजणास धाडा, आणि गेलेले कापड कधी परत येत नसे. पंतांचे नामवहीत तीनशे बारा नावे होती: मोतिया, पारवा, आमसुली, कोनफळी, शेवाळी, चिंतामणी, आणि 'पंतांस विचारा' या नावाचाही एक रंग होता, तो फार खपे. खात्यात एक लहान यंत्र होते, त्यास सोळा रंग येत, आणि त्यांतले चार एकमेकांसारखे दिसत. त्याजवर घोडा काढिला तर पायऱ्यापायऱ्यांचा निघे. तरी त्या सोळा रंगांत आम्ही सूर्योदय पाहिले ऐसे जुने कारकून सांगतात, आणि सांगताना उगीच चष्मा पुसतात.

मग महायंत्र आले. आणि त्याजबरोबर कावेरीबाई यंत्रनवीस आली, वय चोवीस, बोलणे थोडे, चूक त्याहून थोडी. यंत्रास एक काचेचा डोळा होता, त्यापुढे कापड धरिले म्हणजे यंत्र त्या रंगाच्या सहा खुणा सांगे. खुणा सोळा प्रकारच्या: शून्यापासून नऊपर्यंत अंक, आणि अंक पुरले नाहीत म्हणोन पुढे अ आ इ ई उ ऊ. पहिल्या दोन खुणा तांबडा किती याच्या, दुसऱ्या दोन हिरवा किती याच्या, शेवटल्या दोन निळा किती याच्या. ऐसे एकंदर एक कोटी सदुसष्ट लक्ष सत्त्याहत्तर हजार दोनशे सोळा रंग होतात, हे कावेरीबाईने दरबारात सांगितले, आणि सरकारांनी दोन वेळा विचारिले की सोळा कशास, पंधरा का नाही. मग आज्ञा जाहली की नामवही यंत्रास शिकवावी, जेणेकरून नाव सांगितले तर खुणा निघाव्या आणि खुणा सांगितल्या तर नाव निघावे. कावेरीबाई बोलली, "पंत, नावावरनं खुणा काढणं सोपं आहे, वहीत बघायचं आणि सांगायचं. खुणांवरनं नाव काढणं अवघड. घरं पावणेदोन कोटी, आणि वस्ती तुमची तीनशे बारा घरांत. बाकी सगळी ओस." पंत बोलिले, "आणि ओस घरातून कोणी कागद लिहिला तर?" कावेरीबाई बोलली, "सगळ्यात जवळच्या नावाच्या रांजणाला धाडायचा." पंत बोलिले, "म्हणजे ज्याला गाव नाही त्याने शेजारच्या गावचं पाणी भरायचं." कावेरीबाई बोलली, "हो, तसंच," आणि लिहू लागली.

मग तीनशे बारा कापडे डोळ्यापुढे धरिली. त्यात गडद राखाडी हा साध्या राखाडीहून फिकट निघाला, कारण मागे दोन दौलतींच्या याद्या एकास एक शिवल्या होत्या आणि शिवणाराने वाचिल्या नव्हत्या. परंतु यादीवर मोहोर होती, म्हणोन तो तैसाच राहिला आणि अद्याप आहे. मग परतपरीक्षा केली, म्हणजे नावाच्या खुणा करावयाच्या आणि त्या खुणांचे पुन्हा नाव करावयाचे, आणि निघाला होता तो घरी परत आला पाहिजे. तीनशे अकरा नावे परत आली. एक आले नाही. यंत्रास सांगितले 'सांडलेला', यंत्राने खुणा दिल्या ५इ४अ६२, आणि त्या खुणा परत घातल्या तो उत्तर आले 'राजहंसकंठी'. पुन्हा घातल्या, पुन्हा राजहंसकंठी. दोहो नावांच्या खुणा एकच निघाल्या, आणि यंत्राचा नियम ऐसा की एका घरास एकच नाव, आणि वर्णमालेत जे आधी ते राहावे. र हा स च्या आधी येतो. सांडलेला खोडिला गेला.

आता हे दोन रंग कोणाचे ते लिहितो. राजहंसकंठी हा पैलतीराच्या दाजीबा निराळ्याचा. राजहंसाची मान पांढरी असते हे दाजीबास कोणी सांगितले नव्हते. त्याने पक्षी पाहिला नव्हता, शब्द पाहिला होता. आणि सांडलेला हा ऐलतीराच्या भागूबाई निराळणीचा, जी दाजीबाची भावजय. तिची लेक ठकू सहा वर्षांची असता तिच्या हातून आमसुलाच्या काढ्याचे भांडे निळीच्या रांजणात सांडले, आणि भागूबाईने मारावयास हात उगारिला, आणि रांजणातले कापड वर आले, आणि हात वरच राहिला. जांभळा म्हणावा तर नव्हे, मातकट म्हणावा तर नव्हे. पंत नाव लिहावयास आले तेव्हा पोरीस विचारिले की हा कोणता गे रंग, आणि ती रडत बोलली, "सांडलेला." पंतांनी तैसेच लिहिले. दाजीबाचा रंग पुढे तीन वर्षांनी आला, आणि तेव्हापासोन वीस वर्षे दोघे शपथेवर सांगत की आपला रंग वेगळा.

तेव्हा दाजीबास जिंकल्याचा आनंद व्हावा, तो जाहला नाही. तो खात्यात येऊन बोलला, "एक कसा असेल? वैनींच्यात आमसूल, माझ्यात जांभळाची साल. यंत्राला चव कळते का?" कावेरीबाई बोलली, "नाही." दाजीबा बोलला, "मग ते बोलतंय कशाच्या जिवावर?" भागूबाईची काळजी वेगळी होती. नऊ वर्षांपूर्वी ठकूचे लग्नात तिने लेकीस सांडलेल्या रंगाचे लुगडे केले, आणि मांडवात नवरदेवाकडे पाहून बोलली की जावयाचा रंग काही पक्का दिसत नाही, आणि ती हळू बोलली होती, परंतु वाजंत्री त्याच वेळी थांबली. मग ठकू बोलली, "हे लुगडं मी नेसायची नाही. भांडी पुसायला घेईन," आणि काखेत मारून चार मुक्काम लांब सासरी गेली, आणि पुन्हा आली नाही, पत्र नाही, निरोप नाही. परंतु दरसाल दिवाळीआधी तिचा कागद रंगखात्यास येई: 'सांडलेला, खण एक.' आणि पंत तो भागूबाईकडे धाडीत, आणि भागूबाई खण रंगवून पाठवी. मायलेकींचे वर्षाचे बोलणे तेवढेच होते.

मग भागूबाई पंतांपाशी आली आणि बोलली, "पंत, नाव खोडलं. आता पोरीचा कागद कुठं जाईल?" पंत बोलिले, "यंत्र वाचतं आणि यंत्रच धाडतं, बाई. माझ्या हातात महिनाअखेर यादी येते, तीही वाचून झाकून ठेवायला. तुझ्या पोरीचा कागद दाजीबाकडे जाईल." भागूबाई बोलली, "आणि खण त्यांच्या रांजणातला?" पंत बोलिले, "होय." भागूबाई बोलली, "म्हणजे तिला वाटेल मीच पाठवला. आणि मला वाटेल तिने मागितलाच नाही." पंतांनी सुपारी या गालातून त्या गालात नेली आणि तेथेच ठेविली.

तशात आणखी जाहीरनामा निघाला की परगण्यापरगण्यास यंत्राचे डोळे बसविले आहेत, तरी यापुढे रंग नावाने मागू नये, नमुना डोळ्यापुढे धरून खुणांनी मागावा. दिवाळी जवळ आली. दाजीबाने रोज सकाळी नदीकाठी उभे राहून पैलतीरावरून ओरडावे, "वैनी, कागद आला नाही," आणि भागूबाईने ऐलतीरावरून ओरडावे, "मी विचारलं का भावजी?" आणि दाजीबाने म्हणावे, "नाही विचारलं, पण आला नाही." ऐसे सतरा दिवस चालले. अठराव्या दिवशी दाजीबा काही ओरडला नाही, नुसता हात हालविला, आणि भागूबाई आत जाऊन बसली.

मग महिनाअखेर यादी आली, आणि पंत ती वाचीत असता एका ओळीपाशी थांबले. 'ठकू, परगणे लांबचे, खण एक, खुणा ८उ८२८६, या खुणांस नाव नाही, नजीकचे नाव राखाडी, कागद धाडिला राखाडीवाल्या येसाजीचे रांजणास.' पंतांनी डोळे मिटिले. तांबडा चढला आहे, हिरवा त्याहून चढला आहे, आणि निळा मागे राहिला आहे. रांजणात ऐसे होत नाही. हे दगडावर होते, रिठ्याने होते, उन्हाने होते. मग पंत पागोटे विसरून निघाले आणि भागूबाईचे दारात जाऊन बोलिले, "कागद आलाय. येसाजीकडे गेलाय, पण तुझाच आहे. हा सांडलेलाच आहे, नऊ वर्षं धुतलेला. लग्नातलं लुगडं तिने डोळ्यापुढे धरलं." भागूबाई बोलली, "दरसालचे खण होते की तिच्याकडे." पंत बोलिले, "खण एवढे उतरलेले नाहीत. हे आठवड्याला एक धुणं आहे, नऊ वर्षं." भागूबाई बोलली, "भांडी पुसली असतील." पंत बोलिले, "भांडी पुसलेलं फडकं सरकारी डोळ्यापुढे कोण नेतं? आठवड्याला धुतलं म्हणजे आठवड्याला नेसली." मग भागूबाईने आपले निळे हात पदरास पुसले, आणि बोलली, "वाचा बघू पुन्हा." पंतांनी वाचिले, "आठ, उ, आठ, दोन, आठ, सहा." भागूबाई बोलली, "सावकाश वाचा. घाई आहे का तुम्हाला?" आणि पंतांनी सावकाश वाचिले, आणि ऐसे सात वेळा जाहले.

मग दोघे दरबारात गेली. कावेरीबाई बोलली, "पंत, तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण यंत्राला विश्वासाचा रकाना नाही. दाखवा." तेव्हा ठरले की नवा सांडलेला आणि नवा राजहंसकंठी, दोहोंस नऊ वर्षांची धुणी द्यावी आणि मग डोळ्यापुढे धरावे, आणि तोवर येसाजीने रांजणास हात लावू नये. नऊ वर्षांची धुणी चारशे अडुसष्ट होतात. मुदत सव्वीस दिवसांची. रोज अठरा धुणी करावयास माणूस कोठून आणावे हा प्रश्न पडला, आणि सेनापती बोलिले की फौजेस तूर्त युद्ध नाही. मग फौज घाटावर बसली. डावी फळी भागूबाईचे कापडावर, उजवी फळी दाजीबाचे कापडावर, मध्ये रिठ्यांची पोती. आणि सेनापतींनी "आपटा" म्हणावे आणि तीनशे शिलेदारांनी पाळीपाळीने आपटावे. शेजारच्या राज्याचे हेर हे पाहून गेले, आणि त्यांनी आपले दरबारी काय लिहिले कोण जाणे, परंतु त्या राज्याने ते वर्षी सीमेवर बहुत सलोखा ठेविला. भागूबाई रोज येऊन डाव्या फळीस सांगे, "अरे, पिळू नका, मुरगाळून टाकाल. लेकीचं लुगडं धुताय असं समजा," आणि मोठमोठे मिशाळ गडी होय मावशी म्हणत.

सव्विसावे दिवशी दोही कापडे वाळवून डोळ्यापुढे धरिली. सरकार जातीने आले. भागूबाईचे कापड निघाले ८उ८२८५, म्हणजे एका खुणेत एकाचा फरक. तो एका शिलेदाराचे हातास जखम होती आणि त्याने दोन धुणी चुकविली त्यामुळे, ऐसे समजून सोडिला. आणि दाजीबाचे कापड निघाले ७अ८इ९९. ते निळसर जाहले होते, सकाळी चुलीचा धूर कौलांवर बसतो तैसे, आणि भागूबाईचे जाहले होते उतरत्या दुपारचे सावलीसारखे, आणि नवी असता ज्यांत डोळ्यास भेद दिसला नव्हता ती जुनी होऊन दोन वेगळाली माणसे उभी राहावी तैसी दिसो लागली. दाजीबाचे डोळ्यांस पाणी आले आणि तो बोलला, "बघा, वेगळाच होता." भागूबाई बोलली, "मी काय सांगत होते, भावजी?" वीस वर्षांत दोघे एका गोष्टीवर प्रथमच एकमत जाहले, आणि ती गोष्ट ही की त्यांचे एकमेकांशी काही जुळत नाही. सरकारांनी हुकूम केला की दोही नावे राहावी, आणि यंत्रात 'किती धुतले' ऐसा नवा रकाना घालावा, आणि ठकूचा कागद भागूबाईस द्यावा. कावेरीबाईने रकाना घातला. मग तिने पंतांस बाजूस घेऊन विचारिले, "पंत, एक शंका आहे. तिने मागितल्यात आठ-उच्या खुणा. भागूबाई रंगवणार पाच-इचा, नवा, गडद. हे बरोबर आहे का?" पंत बोलिले, "बाई, तिने खुणा मागितल्या नाहीत. तिने रंग मागितला." हे वाक्य दरबारात सर्वांनी ऐकिले आणि सर्वांनी माना हालविल्या, आणि ते कोणी तरी लिहूनही घेतले. मग भागूबाईने खण रंगविला, दोन बुड्या जास्त दिल्या, आणि धाडिला.

मार्गशीर्षात ठकू आली. चार मुक्काम करून आली, आणि पहिल्याने रंगखात्यात गेली, आणि तेथून पंतांस आणि कावेरीबाईस साक्षीदार म्हणोन घेऊन आईचे दारात उभी राहिली. अंगावर ते लुगडे, हातात नवा खण. आणि नऊ वर्षांनी पहिला शब्द जो बोलली तो हा, "आई, हे जुळत नाही." भागूबाई बोलली, "कशाशी?" ठकू बोलली, "ह्याच्याशी. ह्याच्यावर चोळी शिवायची होती. जुन्या सगळ्या गडद आहेत, उठून दिसतात. म्हणून तर ह्या वर्षी नाव लिहिलं नाही, लुगडं नेऊन डोळ्यापुढे धरलं आणि नेमका रंग कळवला. सहा खुणा होत्या. कुणी वाचल्या का नाही?" भागूबाई बोलली, "वाचल्या. सात वेळा." ठकू बोलली, "मग? ह्यापेक्षा राखाडी पाठवला असता तरी चाललं असतं." पंत भिंतीकडे पाहू लागले. कावेरीबाई तेथेच होती, परंतु काही बोलली नाही, हे तिचे थोरपण येथे मुद्दाम नमूद करितो.

भागूबाईने पुढे होऊन लुगड्याचा पदर दोन बोटांत धरिला आणि उजेडाकडे फिरवून पाहिला, आणि मग खण घेतला, आणि बोलली, "जुळेल. धुवून जुळेल." ठकू बोलली, "किती धुवायचा?" भागूबाई बोलली, "जुळेपर्यंत." ठकू बोलली, "आणि मी तोवर काय करू?" भागूबाई बोलली, "तू लुगडं धरून बसायचं. मी खण धुऊन आणणार, शेजारी धरून बघणार. तुझ्याशिवाय कसं कळणार जुळला का नाही ते?" ठकूने उंबऱ्यात उभे राहून विचार केला, आणि मग वहाणा काढिल्या. सेनापतींनी फौज देऊ केली ती भागूबाईने नको म्हणोन परत केली, आणि नियम ऐसा केला की घाईने रंग बिघडतो, तरी दिवसास एकच धुणे व्हावे.

सारांश, यंत्राने नजीकचे नाव सांगितले ते बरोबर होते, पंतांनी मूळचे नाव सांगितले तेही बरोबर होते, आणि खण चुकीचा गेला. सखोपंत पुढे सहा वर्षे चाकरी करून घरी बसले. कावेरीबाई अद्याप खात्यात आहे, आणि नवे कारकून नावावरून खुणा आणि खुणांवरून नाव काढू लागले म्हणजे ती त्यांस हा मजकूर सांगते, परंतु यातून काय घ्यावे ते सांगत नाही. चोळी शिवली किंवा कसे याचा शोध केला. शिंपी म्हणाला की माप घेऊन ठेविले आहे, कापड अजून यावयाचे आहे. ऐसे जाहले तैसे लिहिले. दौत झाकिली.